कारध्याच्या रस्त्यावर नापास

भंडारा म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला पत्रावळी आठवतात, सोलापूरकडच्याला हळद आठवते आणि मुंबईकराला काहीच आठवत नाही. हा एक जिल्हा आहे असं सांगितलं की तो 'हो का?' म्हणतो आणि पुढचा घोट घेतो. मस्कतमध्ये आमच्या कंपनीत माझ्याखेरीज चार मराठी माणसं आहेत. भंडारा मध्य प्रदेशात येतं ना, असं त्या चौघांनी सहा वर्षांत मला निदान बारा वेळा विचारलं असेल. सुट्टीत ही मंडळी लंडनला जाऊन येतात आणि तिथल्या बसचे फोटो दाखवतात. भंडाऱ्याला ती कधीच जाणार नाहीत, म्हणून हे लिहितोय.

मीही काही हौसेनं गेलो नव्हतो. लायसनपायी गेलो.

मी कंपनीत स्टोअरकीपर होतो. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात मॅनेजरनं मला बढती दिली. तीन साइट माझ्याकडे आल्या आणि त्या तिन्हींमध्ये सरकारी हमरस्ता. तोवर मी कॅम्पाच्या कुंपणाआत पिकअप फिरवायचो, तिथं लायसन विचारायला कोणी येत नसे. आता रस्त्यावर जायचं म्हणजे तिथलं लायसन हवं. आपल्या देशाचं चालू लायसन असलं तर तिथले पोलीस ते पाहून त्यांचं देत. नसलं तर त्यांची परीक्षा. आमच्या कॅम्पातला एक फोरमन त्या परीक्षेत सात वेळा नापास होऊन शेवटी देवधर्माला लागला होता. मॅनेजरनं मला पंधरा दिवसांची रजा दिली आणि सांगितलं की लायसन आण, नाहीतर बढती दुसऱ्याला जाईल आणि स्टोअरमध्ये तर आता दुसरा माणूस बसलाच आहे. याचा अर्थ लहान मुलालाही कळला असता.

माझ्याकडे लायसन होतं, पण मेलेलं. एकाहत्तर साली कॉलेज सुटल्यावर नोकरीच्या अर्जात एक ओळ जास्त दिसावी म्हणून मी ते भंडाऱ्यात काढलं होतं. दोन सह्या, तीन फोटो आणि एक दलाल. स्टिअरिंगला हात लावावा लागला नाही. गाडी मी शिकलो ती मस्कतच्या माळरानात, जिथं आपटायला तीन मैलांत एक दगडसुद्धा नव्हता. पोहता न येणाऱ्यानं कोरड्या विहिरीत हात मारावेत तसं ते शिकणं. तरी मी घरी पत्रांतून 'गाडी चालवतो' असं लिहीत असे आणि गावात ते मोठ्यानं वाचलं जात असे.

तुमसर रोड

मुंबईपासूनच्या रेल्वे प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माणसं झोपली, उठली, जेवली, जागेवरून भांडली आणि पुन्हा झोपली. मी दादाला लिहिलं होतं, 'स्टेशनवर गाडी घेऊन ये.' माझ्या डोक्यात भाड्याची टॅक्सी होती. स्टेशनाबाहेर आलो तर दादा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन उभा.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तीन वर्षांपूर्वी धानाच्या मळणीयंत्रात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. तेव्हा मी आलो नव्हतो. सुट्टी मिळाली नाही असं पत्रात लिहिलं होतं. मी ती मागितलीच नव्हती, हे लिहिलं नव्हतं. त्यानं डाव्या हातानं माझी सुटकेस उचलली आणि मी ती उचलू दिली, कारण काय करावं ते मला सुचेना.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

दादानं हनुवटीनं दाखवलं. ट्रॅक्टरच्या सीटवर काष्ट्याचं लुगडं नेसलेली, डोक्याला पंचा गुंडाळलेली शेवंतावयनी बसली होती. माझी थोरली भावजय.

"या भाऊजी. सुटकेस घट पकडून बसा. रस्ता भल्ला खराब हाय."

"वयनी, तुम्ही चालवता?"

"त मंग कोन? तुमच्या दादाले एका हातानं जमते का? शिकली मी. बईल हाकलत होती, आता हे हाकलतो."

परदेशातून आलेला माणूस ट्रॉलीत धानाच्या रिकाम्या पोत्यांवर बसून जातोय आणि पुढं बाई ट्रॅक्टर चालवतेय, हा देखावा स्टेशनावरच्या रिक्षावाल्यांनी, भजीवाल्यानं आणि एका मास्तरानं मान वळवून वळवून पाहिला. माझ्या अंगावर मस्कतहून आणलेला कोट होता. तो मी काढून सुटकेसवर ठेवला. लाज कोटाची वाटली की ट्रॅक्टरची हे तेव्हा ठरवलं नाही.

तुमसर गाव लागायच्या अलीकडे वयनीनं ट्रॅक्टर थांबवला आणि ती उतरून ट्रॉलीत आली. टपरीवरून डोळे चोळत एक इसम उठला, सीटवर चढला आणि ट्रॅक्टर सुरू केला. त्याच्या श्वासाला मोहाच्या दारूचा वास. त्यानं गावातून आम्हाला असं नेलं की एका वळणावर दादाचा उरलेला हातही जातो की काय असं वाटलं. गाव संपल्यावर तो उतरला, चहाचे पैसे घेऊन चालता झाला आणि वयनी पुन्हा सीटवर गेली.

"हा काय प्रकार?" मी दादाला विचारलं.

"नाक्यावर हवालदार रायते. हिच्याजवळ लायसन नाई. त्या बेवड्याजवळ हाय."

पुढून वयनी इंजिनाच्या आवाजावरून ओरडली, "लायसन त्याच्याजवळ हाय, अक्कल माह्याजवळ! दोन्ही एका जागी भेटत नाईत, भाऊजी!"

गाव

आमचं गाव बपेऱ्याच्या अलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीला टेकलेलं. डिसेंबरात कापणी झालेली असते, बांध्या म्हणजे आमची भाताची शेतं मोकळी पडलेली असतात आणि जिकडेतिकडे धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे, गोल रचून ठेवलेले. तलावाचं पाणी निळं असतं. हे सगळं सुंदर असतं, आणि ते सुंदर आहे असं म्हणणारा माणूस मी गावात आजवर पाहिलेला नाही. गावातली माणसं तलावाकडे पाहून फक्त 'यंदा पानी पुरते का नाई' एवढंच बोलतात.

जेवायला चिन्नोरचा भात आणि तलावातल्या मरळीचा रस्सा. मस्कतला समुद्र दारात आहे आणि मासा थडग्यातल्यासारखा थंडगार मिळतो. इथं मासा सकाळी पोहत होता. एवढी एक गोष्ट मी या जिल्ह्याची विनाअट कबूल करतो.

दुपारपासून लोक येऊ लागले. एकाला टेपरेकॉर्डर हवा होता, एकाला मुलासाठी नोकरी, एकाला फक्त माझ्या घड्याळाला हात लावायचा होता. "तिथं बी मानसंच रायतेत का गा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. मी हो म्हणालो तर त्याची निराशा झाली. दादा सगळ्यांना सांगत होता, "मोठ्ठी गाडी चालवते माह्या भाऊ. तिथं रस्ते आरशावानी हायत." मी मान हलवत होतो. खोटं दुसरा सांगत असेल तर मान हलवायला कष्ट पडत नाहीत.

मंडळी पांगल्यावर वयनी भांडी घासायचं सोडून समोर येऊन बसली.

"भाऊजी, तुमी लायसनसाठी भंडाऱ्याले जाऊन रायले न? मले बी पायजे."

मी हसलो. खरं सांगायचं तर खदखदून हसलो.

"बाईला ट्रॅक्टरचं लायसन? वयनी, पुरुषांनाच तिथं जोडे झिजवावे लागतात."

"हसाचं काम नाई," ती म्हणाली. तिनं फळीवरच्या डब्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. शिकाऊ लायसन होतं, तिच्या नावाचं, तिच्या फोटोसकट. दोन महिन्यांपूर्वी ती आणि दादा बसनं जाऊन घेऊन आले होते. "नवा साहेब आला हाय. त्याच्याजवळ बाई-बुवा काई नाई. येते त्याले देते, नाई येत त्याले नाई देत."

"असा साहेब नसतो," मी म्हणालो. "मी बोलतो त्याच्याशी. दोघांचंही काम एकदमच करून टाकू." असं म्हणताना मी पाय लांब करून बसलो होतो, तेही आठवतं.

भंडारा

भंडारा शहर तुम्हाला दिसायच्या आधी ऐकू येतं. पितळेवर हातोडा पडत असतो, सकाळपासून. जिथं अख्खं गाव ठोकाठोकी करतं तिथल्या कचेऱ्यांत मात्र चिडीचूप शांतता, याचं मला पहिल्यापासून नवल वाटत आलंय. लायसनच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली एक दलाल टाइपरायटर घेऊन बसला होता. त्यानं माझा कोट पाहिला, मग जोडे पाहिले, आणि मला ओळखलं. मला म्हणजे माझ्या जातीच्या माणसाला.

"फॉरेनवाले दिसून रायले. बसा साहेब. पण आजकल आमच्या हातात काही नाही, हे आधीच सांगतो. नवा साहेब आला तवापासून धंदा पुरा बसला. टेस्ट घेते तो, टेस्ट! खरीखुरी!" हे त्यानं अशा दुखऱ्या आवाजात सांगितलं की जणू गावात पटकीची साथ आली होती.

मी ते मनावर घेतलं नाही. खिशात परदेशी पेन होतं, सोनेरी टोपणाचं. साहेब आत टेबलाशी बसले होते, काटकुळे, खाकी कपड्यात, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलणं देशावरचं. मी नमस्कार केला, मस्कतचं नाव घेतलं, रजेचे दिवस किती थोडे आहेत ते सांगितलं आणि पेन हळूच फाइलीवर ठेवलं.

"हे काय?"

"काही नाही, तिकडून आणलं. सहज."

"माझ्याकडे पेन आहे." त्यांनी माझं पेन उचलून माझ्या बाजूला ठेवलं, रागावून नव्हे, टेबलावरचा खडा बाजूला करावा तसं. मग माझं जुनं लायसनचं पुस्तक उघडलं. "हे संपून आठ वर्षं झाली. याचं नूतनीकरण होत नाही. श्राद्ध होतं."

मागं उभा असलेला शिपाई फिस्सकन हसला.

"तुम्ही गाडी चालवता ना तिकडे?"

"रोज. वाळवंटात."

"मग घाबरता कशाला? गुरुवारी गाडी घेऊन या. चाचणी द्या, लायसन घ्या."

मी दुसऱ्या कामाचं विचारलं. एक बाई आहेत, माझी भावजय, ट्रॅक्टरचं लायसन मागतायत, अडाणी आहेत, सांभाळून घ्या.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यांनी मला सांभाळून घ्या म्हटलेलं नाही. तुम्ही का म्हणता?"

बाहेर येऊन मी दलालाकडून एक जीप भाड्यानं ठरवली आणि साहेबाबद्दल जे म्हणायचं ते म्हटलं. दलालानं माझ्या प्रत्येक शब्दाला मान डोलावली. माझ्या बाजूनं बोलणारा त्या गावात तेवढा एकच माणूस होता, यावरून मला काहीतरी कळायला हवं होतं.

कारधा

गुरुवारी वयनी आणि दादा तांबडं फुटायच्या आधी निघून ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन भंडाऱ्यात आले. बेवड्याला तुमसरात उठवावं लागलं, म्हणून थोडा उशीर झाला. मी आदल्या दिवशीच येऊन लॉजवर उतरलो होतो. ढेकणांनी माझं स्वागत केलं. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून सकाळी चहात साखरेऐवजी मीठ आलं.

चाचणी वैनगंगेपलीकडे, कारध्याच्या रस्त्यावर. साहेब जीपमध्ये माझ्या शेजारी बसले, मांडीवर फाइल. वयनीनं ट्रॅक्टर मागून आणायचा, तिची पाळी माझ्यानंतर. दादा ट्रॉलीत.

जीपचं स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला. मस्कतला हे सगळं उलटं असतं आणि रस्त्याची बाजूही उलटी. मला हे माहीत नव्हतं असं नाही. डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं. पुलावर गर्दी होती म्हणून मी पुढच्या ट्रकमागं सरळ गेलो आणि साहेब काही बोलले नाहीत. पूल ओलांडला, नदीचं रेताड पात्र खाली पसरलेलं, थंडीचं ऊन. साहेब म्हणाले, पुढं कुठंतरी नदीवर मोठं धरण बांधायचं चाललंय, गोसीखुर्दकडे, बरीच गावं उठतील म्हणतात. मी मान हलवत होतो. रस्ता मोकळा दिसताच माझे हात मस्कतला गेले. मी शांतपणे, आत्मविश्वासानं, रस्त्याच्या उजव्या बाजूनं निघालो.

"डावीकडे," साहेब म्हणाले.

समोरून तणसानं, म्हणजे भाताच्या पेंढ्यानं, लादलेली बैलगाडी येत होती, आपल्या बाजूनं, आपल्या हक्कानं. मला वाटलं, हा माणूस चुकीच्या बाजूनं का येतोय? मी हॉर्न वाजवला. खरंच वाजवला. तो गाडीवान उभा राहिला.

"अबे कोनीकडं घुसून रायला! डोये फुटले का!"

मग मी गिअर बदलायला उजवा हात खाली नेला. तिथं गिअर नव्हता, दार होतं. दार उघडलं. दार धरायला गेलो तेव्हा स्टिअरिंग सुटलं. जीप बैलांच्या शिंगांपासून वीतभर अंतरावरून गेली, रस्ता सोडला, उतरण उतरली आणि नदीकाठच्या रेतीत बोनेटपर्यंत नाही तरी चाकांपर्यंत रुतून थांबली. पाठोपाठ बुजलेल्या बैलांनी उतरणीच्या कडेला येऊन गाडी कलती केली आणि वरचं तणस आमच्यावर ओतलं.

साहेबांनी चष्म्यावरचं तणस काढलं, काडीचा दोरा तपासला, फाइल झटकली आणि तिच्यात एक शब्द लिहिला. मी डोकावून पाहिलं नाही. गरज नव्हती.

पाच मिनिटांत तिथं तीस माणसं जमली. कामधंदा सोडून लोक दुसऱ्याची फजिती पाहायला ज्या वेगानं येतात त्याच्या निम्म्या वेगानं जरी कामाला गेले असते, तर हा जिल्हा आज कुठल्या कुठं असता. जीपला लोकांनी ढकललं. ती आणखी रुतली.

"सरका जरा," वयनीचा आवाज आला. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा होता. ती उतरली, रेतीत पाय दाबून पाहिले, गाडीवानाला आधी बैल सोडायला लावले, मग साहेबांना म्हणाली, "साहेब, ट्रॉली काढू की तशीच मांघं आनू?"

साहेबांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "ट्रॉलीसकट आणता येईल?"

ज्यांनी कधी ट्रॉली मागं घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टर डावीकडे वळवला की ट्रॉली उजवीकडे जाते. जरा जास्त झालं की दोन्ही एकमेकांत अडकतात. आमच्या कंपनीतले कसलेले ड्रायव्हरसुद्धा हे करताना घामाघूम होतात. वयनी सीटवर अर्धी वळून बसली, एक हात चाकावर, आणि त्या उतरणीवरून ट्रॉली इंचाइंचानं अशी मागं घेतली की कडेचं बाभळीचं झुडूपही हललं नाही. रेतीच्या अलीकडे थांबली. साखळी लावली. दादानं डाव्या हातानं आणि दातांनी हूक ओढून पाहिला.

"भाऊजी, सीटवर बसा आन चाक सीधं धरा. बस तेवढंच करा. दुसरं काई करू नोका."

जीप बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे पाहत.

साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या तिला खुणांची चित्रं दाखवून नावं विचारली. एक चुकली. मग तिला ट्रॅक्टर पुलाच्या तोंडापर्यंत नेऊन आणायला लावला. "झाली तुमची चाचणी," ते म्हणाले. "दुपारी कचेरीत या, पुस्तक तयार असेल." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही पुढच्या गुरुवारी या. एक आठवडा आहे. शिकून या."

"पुढच्या गुरुवारी माझी परतीची गाडी आहे."

"संध्याकाळी ना? मग सकाळी या."

तलावाची पाळ

परतताना तुमसरच्या त्या टपरीजवळ वयनीनं ट्रॅक्टर थांबवला नाही. बेवडा टपरीतून उठून उभा राहिला होता, तो तसाच उभा राहिला. नाक्यावर हवालदारासमोर मात्र तिनं स्वतःहून ब्रेक लावला आणि कमरेची पिशवी काढली.

"मी मांगितलं का?" हवालदार म्हणाला.

"नाई मांगितलं. पन पाहा." तिनं पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि त्यानं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचेपर्यंत ती थांबली. मागं तीन बैलगाड्या आणि एक बस अडकली. ट्रॉलीत दादा माझ्याकडे न पाहता हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच मला उठवलं. "चला. पाळीवर." तलावाची पाळ म्हणजे लांब, सरळ, ट्रकभर रुंद बांध. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल बांध्या. चुकायला जागा नाही. गावातल्याच एका गुत्तेदाराची, म्हणजे ठेकेदाराची, जुनी जीप दादानं मागून आणली होती. तिनं ती आधी स्वतः चालवून पाहिली, मगच मला बसू दिलं.

मला तो आठवडा आठवला की अजून कानशिलं तापतात. काठावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून पाहायच्या. "काहून वो शेवंता, देराले डायवर बनवून रायली का?" वयनी उत्तर द्यायची नाही. तिची शिकवण्याची पद्धत कुठल्याही पुस्तकात नाही. "डाव्या हातानं जेवता का? नाई न? म्हून तो हात आळशी हाय. त्याले कामाले लावा." दुपारी जेवताना तिनं मला भाकर डाव्या हातानं मोडायला लावली. दादा ताटावरून म्हणाला, "मले बी असंच शिकवलं हिनं." तीन वर्षांपूर्वी हे ताट कसं उचललं गेलं असेल, पहिला घास कसा गेला असेल, ते मी त्या क्षणापर्यंत मनात आणलंच नव्हतं. डाव्या हातानं आमटी सांडत मी जेवलो आणि माझ्या जिभेवर कुणाचीही टिंगल आली नाही. एवढा एकच प्रसंग.

बुधवारी संध्याकाळी मी पाळीवरून जीप गावात, गावातून डांबरी रस्त्यावर आणि तिथून बपेऱ्यापर्यंत नेऊन परत आणली. डाव्या बाजूनं. समोरून एसटी आली, दोन गाड्या आल्या, म्हशींचा कळप आला. वयनी शेजारी बसून शेंगा खात होती.

"येते आता तुमाले," ती म्हणाली. तिनं याहून जास्त स्तुती कोणाची केल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुन्हा भंडारा

गुरुवारी सकाळी सामानासकट ट्रॉलीतून निघालो, वयनी सीटवर, दादा माझ्याजवळ. कचेरीसमोर भाड्याच्या जीपशेजारी दलाल उभा राहून हसत होता. आठवड्यापूर्वीचा दुखवटा संपला होता.

"साहेबाची बदली झाली. काल ऑर्डर आली. तुमचं नशीब जोरात आहे."

आत त्या टेबलाशी दुसरेच गृहस्थ बसले होते, तात्पुरता चार्ज घेतलेले. पान चघळत होते. माझे कागद त्यांनी चाळले. "मागच्या खेपेला नापास. हं. टेस्ट द्यायची असेल तर गाडी काढा, मी पान थुंकून येतोच. नाहीतर आणा इकडे, सही करतो. तुमची मर्जी."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. त्यांनी काही मागितलं नव्हतं. घाई केली नव्हती. बाहेर जीप उभी होती, रस्ता मोकळा होता, गाडीला संध्याकाळपर्यंत वेळ होता आणि मला चालवता येत होतं. दारातून वयनी दिसत होती, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, जीपकडे बोट दाखवून दादाला काहीतरी सांगत.

मी कागद पुढं केले.

बाहेर आलो तेव्हा वयनीनं विचारलं, "चला, जाचं का कारध्याले?" मी म्हणालो, "झालं." तिनं जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ट्रॅक्टर सुरू केला.

वरठी

भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. फलाटावर बाकावर वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन साहेब बसले होते. त्यांचीही गाडी तीच, माझीच. कुठं बदली झाली ते त्यांनी सांगितलं आणि ते गाव ऐकून मला कळलं की ही बढती नव्हे.

त्यांनी मला ओळखलं. "काय, झाली का चाचणी?"

"झाली."

"मग?"

"पास झालो."

त्या माणसाचा चेहरा उजळला. ते उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "मला वाटलंच होतं. मी म्हटलं होतं ना, शिकून या? आठवड्यात होतं, माणसानं मनावर घेतलं तर." मग वयनीला म्हणाले, "तुम्ही शिकवलंत ना? मला ठाऊक होतं."

वयनीनं पदर सावरला. "शिकवलं साहेब. येते त्याहीले." एवढंच बोलली. खोटं त्यात एका अक्षराचंही नव्हतं.

गाडी आली. साहेब पुढच्या डब्याकडे गेले. दादानं सुटकेस चढवली. मी दारात उभा होतो तेव्हा वयनी जवळ आली आणि हळू आवाजात, दादालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"खोटं काहून सांगितलं, भाऊजी? तुमाले त येत होतं."

गाडी हलली. मला बोलायला पुरेसा वेळ होता, गाड्या तिथून काही वाऱ्यासारख्या सुटत नाहीत. मी बोललो नाही.

मस्कतला पोलिसांनी ते पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि मला तिथलं लायसन दिलं. बढती टिकली. मी रोज नव्वद मैल गाडी चालवतो आणि चांगली चालवतो. इथल्या चौघांना या सगळ्यात बैलगाडीचा प्रसंग तेवढा आवडतो. तो मी त्यांना रंगवून सांगतो आणि तिथंच थांबतो.

हे छापून आलं तर अंक गावी पाठवीन. वयनीची शाळा चौथीपर्यंत झालीय, अक्षर लावून वाचते ती. वयनी, त्या दिवशी दारातून तुम्ही दिसत होतात, आणि तुमच्यासमोर दुसऱ्यांदा नापास होण्याची मला भीती वाटली. दुसरं कारण नव्हतं.